दाबेल त्याची कळ

संगणक मराठी इन्स्क्रिप्टवर आहे, आपण मात्र तो इंग्रजीवरच आहे असं समजून 'सातारा'चं इंग्रजी स्पेलिंग बडवलं, तर पडद्यावर एकही व्यंजन उमटत नाही. नुसत्या मात्रा, काने, उकार आणि वेलांट्या येतात. त्यांना टेकायला अक्षरच नसल्यामुळं संगणक दयाबुद्धीनं त्यांच्यासाठी ठिपक्यांची वर्तुळं काढून ठेवतो. सातारकरांनी हे मनाला लावून घेऊ नये. याच घोळात पन्हाळ्याचं 'जोलपोतो' होतं, कोल्हापूरचं 'कदतपोजही' होतं आणि आमच्या कोडोलीचं 'कद्दतग'. साताऱ्याशेजारी आणखी एक कोडोली आहे. तिचंही कद्दतगच होतं. संगणकाला जिल्हाभेद ठाऊक नाही.

हा कद्दतग कोडोलीच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात आठवड्यातून अनेकदा जन्माला येतो. दुकानाच्या पाटीवर झेरॉक्स, मराठी-इंग्रजी टायपिंग, ऑनलाईन फॉर्म, लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि 'सातबारा, आठ अ मिळेल' एवढं सगळं आहे. आत संगणक एकच. त्याला कीबोर्डही एकच आणि त्यावरची 'ए' आणि 'ई' ही अक्षरं झिजून गेलेली. पण विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की कोपऱ्यातून यादी वर येते आणि कळतं, की या एका कीबोर्डावर नऊ कीबोर्ड नांदतात. इंग्रजी अमेरिकन, इंग्रजी भारतीय, इंग्रजी ब्रिटिश, मराठी, मराठी फोनेटिक, हिंदी ट्रॅडिशनल, देवनागरी इन्स्क्रिप्ट, 'कोडोली ०१' आणि 'कोडोली ०१ नवीन'. माणूस टाईप करता करता चुकून ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबतो आणि नवव्या घरात जाऊन पडतो. पुढची ओळ वाचता येत नाही. मग तो दुकानदाराकडं बघतो, दुकानदार संगणकाकडं बघतो आणि फॉर्मची मुदत दोघांकडं बघते.

बाहेरच्यांना वाटेल, खेडेगाव आहे, संगणक नवीन असेल. तसं अजिबात नाही. कोडोली पन्हाळा तालुक्यातलं, वारणानगरला खेटून असलेलं गाव. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारामुळं साखर कारखाना, दूध संघ, बझार, कॉलेज हे सगळं इथं हाकेच्या अंतरावर. १९९८ साली पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत संगणकावर क्रोशाचं कव्हर पडलेलं होतं, तेव्हा वारणेच्या पंचक्रोशीतल्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. पंतप्रधान कार्यालयाचा पुढाकार, एनआयसीची तांत्रिक बाजू आणि वारणेच्या संस्था असा तो मामला होता. उसाची नोंद, वजन, खत, बिल हे गावातल्या केंद्रावर संगणकात दिसावं, ही कल्पना. तेव्हा इथल्या माणसाला संगणकाचं अप्रूप नाही. त्याला अप्रूप आहे ते एकाच गोष्टीचं, की यात घातलेलं बाहेर कसं निघत नाही.

नऊ कीबोर्ड एका दिवसात आले नाहीत. प्रत्येकामागं एक माणूस आहे आणि प्रत्येक माणसानं ते दुकानाच्या भल्यासाठीच घातलं आहे.

इंग्रजीचे तिघे दिसायला निरुपद्रवी. अमेरिकन मांडणीत शिफ्ट धरून दोनचा आकडा दाबला की ईमेलमधलं 'ॲट' येतं. ब्रिटिश मांडणीत तिथं दुहेरी अवतरणचिन्ह येतं आणि 'ॲट' उजवीकडं एंटरच्या शेजारी राहायला गेलेलं असतं. विंडोज टाकणाऱ्या कुणीतरी देश विचारला तेव्हा 'इंग्लंड' निवडलं, कारण इंग्रजी तिकडचीच. तेव्हापासून अधूनमधून गिऱ्हाइकाच्या ईमेलमध्ये अवतरणचिन्ह पडतं. फॉर्म लाल अक्षरांत सांगतो, 'वैध ईमेल टाका.' गिऱ्हाईक दुखावून म्हणतं, "वैधच हाय की ओ, पुतण्यानं समोर बसून काढून दिलाय." तिसरी, भारतीय इंग्रजी मांडणी रुपयाच्या चिन्हासाठी लागते. ते चिन्ह २०१० साली ठरलं आणि या मांडणीत उजवा ऑल्ट धरून चार दाबला की येतं. बिलं करणाऱ्याला तेवढ्यासाठी ती हवीच.

मराठीचं प्रकरण जास्त नाजूक आहे. दुकानात दुपारनंतर टायपिंगला येणाऱ्या मावशी टाइपरायटरवर शिकल्या. सरकारी नोकरीला मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची परीक्षा लागायची, अजूनही लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत तेच आकडे असतात. मावशींच्या काळात ती परीक्षा म्हणजे गावातली टायपिंगची इन्स्टिट्यूट, भिंतीवर कळांचा तक्ता आणि दुपारभर खडखडाट. टाइपरायटरच्या मराठीत बरीचशी अक्षरं अर्धी असतात. अर्धा 'ग' मारायचा आणि मग काना देऊन तो पुरा करायचा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. मावशींची बोटं असं तीस वर्षं चालली आहेत. त्यांना 'आधी अक्षर, मग वेलांटी' असं सांगणं म्हणजे आधी आमटी वाढ आणि मग ताट मांड असं सांगण्यासारखं आहे.

इन्स्क्रिप्टचं नेमकं तेच म्हणणं आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली ती मांडणी ठरवली. आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि मंडळींनी भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र उभं केलं, ते पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि तिथून सरकारी कचेऱ्यांत पसरलं. डाव्या हाताला बहुतेक स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि उच्चाराच्या क्रमानं टाईप करायचं. 'कोडोली' हवी तर के, ए, चौकोनी कंस, ए, एन, आर. याचं सौंदर्य असं, की ब्राह्मीकुळातल्या भारतीय लिप्यांना हीच मांडणी चालते. निपाणीला कन्नड टाईप करणारा माणूस 'क'साठी तीच कळ दाबतो, जी कोडोलीचा माणूस मराठी 'क'साठी दाबतो. सीमाभागात दोन्ही बाजूंचं पूर्ण एकमत असलेली ही बहुधा एकमेव बाब, आणि तिच्यासाठी एकही समिती बसलेली नाही.

ग्रामपंचायतीतून निवृत्त झालेले आबा इन्स्क्रिप्टवाले. ते सकाळी संस्थांचे अर्ज करायला येतात. दुकानाचे मालक अण्णा पत्रिकेच्या धंद्यातले, जुन्या डीटीपीच्या फॉन्टवर वाढलेले. त्या फॉन्टांत मराठी ही खरं तर मराठीचा वेष घेतलेली इंग्रजी अक्षरं असत. फॉन्ट बदलला की 'चि. सौ. कां.'च्या जागी डॉलर, टक्का आणि उलटा प्रश्न उभा. आणि दुकानात शाळा सुटल्यावर बसणारा अण्णांचा धाकटा मुलगा फोनेटिकवाला. एम आणि आय दाबलं की 'मी' यायला पाहिजे, नाही आलं तर मराठी भाषेतच काहीतरी दोष आहे, असं त्याचं मत. मराठीसकट १० भारतीय भाषांची अशी फोनेटिक मांडणी विंडोजमध्येच २०१९ साली आली, तेव्हापासून त्याच्या मताला सरकारी नसली तरी अमेरिकन मान्यता आहे.

राहिली 'कोडोली ०१'. ही घरची निर्मिती. जवळच्या इंजिनियरिंग कॉलेजातला एक पोरगा प्रोजेक्टच्या झेरॉक्ससाठी दुकानात पडून असायचा. त्याच्या लक्षात आलं, की इथल्या मजकुरात 'ळ' फार लागतो. पन्हाळा, गूळ, गाळप, मळी, कोळपणी, मळा, वेळ. इन्स्क्रिप्टमध्ये 'ळ'साठी शिफ्ट धरावी लागते. 'गुऱ्हाळ' या एका शब्दात तर दोनदा, एकदा चंद्रकोरीसारख्या त्या 'र'साठी आणि एकदा 'ळ'साठी. ऊसपट्ट्यातल्या भाषेवर हा अन्याय आहे, असं त्याला वाटलं. मायक्रोसॉफ्टचं 'कीबोर्ड लेआउट क्रिएटर' नावाचं एक फुकटचं साधन आहे. मायकेल काप्लान नावाच्या, तमिळ लिपीवर जीव असलेल्या एका अमेरिकन माणसानं ते घडवलं. त्यात पडद्यावर कीबोर्डचं चित्र येतं, कळेवर क्लिक करायचं आणि हवं ते अक्षर बसवायचं. पोरानं 'ळ' शिफ्टविना बसवला, 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' एकेका कळेवर आणले, 'ॲ' जवळ घेतला. त्या साधनात लेआउटचं नाव आठ अक्षरांपलीकडं जात नाही. इंग्रजीत 'कोडोली'ची सहा झाली, उरलेल्या दोनांत '०१' मावलं.

एकच झालं. लेआउट कुठल्या भाषेचा, असं साधनानं विचारलं तेव्हा भाषांच्या यादीत त्याला हिंदी आधी दिसली, तिच्यावरच टिचकी पडली. म्हणून विंडोजनं 'कोडोली ०१'बरोबर दुकानात हिंदीही आणली, आणि हिंदी एकटी कशी येईल, ती स्वतःचे कीबोर्ड घेऊन आली. पुढं त्यानं चूक दुरुस्त करून दुसरी आवृत्ती बसवली, पहिली न काढता. मग तो पास झाला आणि नोकरीला हिंजवडीला गेला. मूळ फाईल ज्या पेन ड्राइव्हमध्ये होती, तो पेन ड्राइव्ह बहुधा कुणाच्या तरी लग्नाचे फोटो घेऊन गेला.

एका शेतकऱ्याच्या अर्जात गावाच्या रकान्यात 'कद्दतग' छापून अर्ज तालुक्याला गेला आणि परत आला, तेव्हा अण्णांनी निर्णय घेतला. नऊचे दोन करायचे. एक इंग्रजी, एक मराठी. बाकीचे काढून टाकायचे. संगणक दुरुस्तीवाल्या पोराला बोलावणं गेलं. तो आला, खुर्चीत बसला, म्हणाला, "दोन मिंटाचं काम हाय, अण्णा."

इथून पुढचं समजायला दुकानातल्या कुणालाही अवघड गेलं नाही, कारण तिथं दिवसभर सातबाऱ्याचे उतारे निघतात. संगणकातून लेआउट काढणं आणि उताऱ्यावरून नाव कमी करणं, हे एकच शास्त्र आहे.

पहिली पायरी सगळ्यांना माहीत असते. सेटिंगमध्ये जायचं, भाषांच्या यादीत शिरायचं, भाषेपुढची तीन टिंबं दाबायची, कीबोर्ड निवडायचा, 'रिमूव्ह' म्हणायचं. पोरानं म्हटलं. नऊचे सात झाले. एका ठिकाणी 'रिमूव्ह'चं बटण करडं पडलेलं होतं, दाबता येईना. भाषेचा शेवटचा कीबोर्ड काढता येत नाही, भाषाच काढावी लागते. भाषाही काढली. पाच राहिले. अण्णांनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत संगणक बंद करून चालू केला. विंडोज-स्पेस दाबलं. 'कोडोली ०१' जागच्या जागी होता. सेटिंगमध्ये बघावं तर तिथं त्याचं नावही नाही.

"हे बाराला दिसतंय तेवढंच तू काढलंस," आबा म्हणाले. "सातला काय हाय ते बघ."

आबांनी बोट अचूक ठेवलं होतं. गाव नमुना बारामध्ये शेतात यंदा काय उभं आहे ते असतं. नमुना सातमध्ये शेत कुणाचं आहे ते. सेटिंगमधली यादी म्हणजे नुसतं उभं पीक. मालकी लिहिलेली असते विंडोजच्या रजिस्ट्रीत, आणि तिथं ती एका जागी नसते. 'लोकल मशीन'खाली 'कीबोर्ड लेआउट्स' नावाचं दप्तर आहे. त्यात शंभरावर लेआउट, प्रत्येकाला आठ खुणांचा क्रमांक. अमेरिकन इंग्रजीचा ००००४०९ला आणखी एक शून्य लावून, मराठीचा शेवट ४४ई. घरी बनवलेल्या लेआउटचा क्रमांक मात्र 'ए'नं सुरू होतो. हिंदीच्या नावावर पहिला घातला असेल तर ए००००४३९. चोर ओळखायची ही खूण. ती सापडली की आत लेआउटचं नाव आणि त्याच्या डीएलएल फाईलचं नाव लिहिलेलं असतं.

हे झालं सातबाऱ्याचं मुख्य पान. याशिवाय 'इतर हक्क' असतातच. चालू वापरकर्त्याच्या खात्यात 'प्रीलोड' म्हणून एक जागा आहे, तिथं एक, दोन, तीन असे आकडे टाकून लॉगिन होताना कुठले लेआउट उचलायचे ते लिहिलेलं असतं. शेजारी 'सबस्टिट्यूट्स', म्हणजे एकाच्या नावानं प्रत्यक्षात दुसराच नांदत असेल तर त्याची नोंद. अशी नोंद आपल्याकडं तोंडी असते, संगणकात निदान लेखी असते.

"काढायच्या आधी नक्कल काढून ठेव," आबा म्हणाले. पोरानं दप्तराची नक्कल एक्सपोर्ट करून ठेवली. संगणकाच्या सगळ्या जाणकारांनी दिलेला हा पहिला सल्ला आबांना न शिकता येत होता, कारण त्यांनी नोकरीभर मूळ कागद गहाळ होताना पाहिले होते.

खरं तर रजिस्ट्रीत हात घालायची वेळच येऊ नये. क्रिएटरनं बनवलेला लेआउट रीतसर सेटअप करून बसतो, म्हणून तो रीतसर निघतोही: बसवलेल्या प्रोग्रॅमांच्या यादीत त्याचं नाव असतं, तिथून 'अनइन्स्टॉल'. आधी भाषेच्या यादीतून काढायचा, मग प्रोग्रॅममधून, मग संगणक बंद-चालू करायचा. क्रम चुकला की भूत मागं राहतं. दुसरी आवृत्ती अशी सरळ निघण्याजोगी होती. पहिलीचं सेटअपच हरवलेलं, त्यामुळं तिचा प्रोग्रॅम म्हणाला, माझी मूळ फाईल दाखवा. मूळ फाईल हिंजवडीत.

तेव्हा डीएलएलच हातानं उडवायची ठरली. ती 'सिस्टिम ३२'मध्ये असते. ६४ बिटांच्या विंडोजवर तिची दुसरी प्रत 'सिसवाऊ ६४'मध्येही असते. एक काढली आणि दुसरी विसरली असं कायम होतं. पोरानं डिलीट दाबलं. उत्तर आलं, फाईल वापरात आहे. आबांनी मान डोलावली. "वहिवाट चालू हाय." चालू असलेल्या प्रोग्रॅमांनी लेआउट हातात धरलेला असतो तोवर तो निघत नाही, लॉग ऑफ करून, दुसरा लेआउट पुढं करून, पहिला सोडवून घ्यावा लागतो.

या सगळ्या खटाटोपात एक उपाय असा निघाला, की ऐकून अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. यादीत न दिसणारा, पण स्पेसबार दाबला की हजर होणारा लेआउट काढायचा असेल तर तो आधी यादीत घालायचा आणि मग काढायचा. हा उपाय जगभर लोक करतात आणि तो लागू पडतो.

"म्हंजे जे काढायचं ते आधी घालायचं?" अण्णा.

"मग काय तर," आबा म्हणाले. "हक्कसोड पत्र करायचं तर आधी वारस म्हणून नाव लागाय नको? ज्याचं नावच न्हाई, त्यो सोडणार काय?"

पोरानं हिंदी घातली, तिच्याखाली लेआउट घातला, दोन्ही काढले. यादी स्वच्छ झाली. संध्याकाळ झाली होती. दोन मिनिटांच्या कामाला चहाच्या तीन फेऱ्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक चालू केला तर पासवर्ड घेईना. पासवर्ड बरोबर, माणूस बरोबर, पडद्यावर नुसते काळे ठिपके, आणि ठिपक्यांची लिपी कोणती ते कुणाला सांगता येणार? लॉगिनच्या पडद्याला स्वतःची वेगळी नोंद असते. माणूस आत येण्याआधी कीबोर्ड कोणता, हे ठरवणारं ते खातं कुणाच्याच मालकीचं नाही आणि सगळ्यांना लागतं. सेटिंगमधून केलेली सफाई तिथं आपोआप पोचत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजन', त्यात 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह', त्यात 'कॉपी सेटिंग्ज' असं जाऊन 'वेलकम स्क्रीन'समोर खूण करावी लागते, तेव्हा कुठं हे निस्तरतं. आबांनी त्याला लगेच जागा नेमून दिली: सामाईक विहीर. सगळ्या भावांची, म्हणून कुणीच गाळ काढत नाही.

वारणेच्या याच पट्ट्यात कीबोर्ड काढायचा एक प्रयोग पूर्ण यशस्वी झालेला आहे, हे इथं सांगायला हवं. २००६-०७च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधन विभागाची माणसं आली. १९९८च्या त्या गावोगावच्या संगणकांचा उपयोग नेमका कशाला होतो, ते त्यांनी पाहिलं. शेतकऱ्याला हवं असतं ते उसाचं वजन आणि खताचा आकडा. एवढं तर मोबाईलच्या एसएमएसवर जाईल. सात गावांत त्यांनी संगणकाच्या जागी मोबाईल आणून दाखवले आणि त्यांच्या शोधनिबंधाचं नावच 'वारणा अनवायर्ड' ठेवलं. ज्या कंपनीचा धंदा संगणकावर, तिच्याच संशोधकांनी येऊन सांगितलं, की इथं संगणक नको. लेआउटचा प्रश्न मुळापासून सोडवायचा हाच खरा मार्ग होता. आकड्यांना 'ळ' लागत नाही.

अर्जांना मात्र लागतो. दुकानात आता एक इंग्रजी आणि एक मराठी असे दोनच कीबोर्ड होते आणि अण्णा समाधानात होते. ते समाधान दुपारपर्यंत टिकलं. मावशी आल्या, एक ओळ मारली, चष्मा काढून पुसला, पुन्हा मारली, आणि अण्णांना विचारलं, "माझी मराठी कुठाय?" धाकटा शाळेतून आला आणि त्यानं 'मी'च्या जागी जे उमटलं ते बघून दप्तर आपटलं. पण खरा प्रसंग पुढं होता. पत्रिकांची कामं करायला एक मुलगी येते, तिच्याइतकं झपाझप टाईप करणारं कोडोलीत तरी मी कुणी पाहिलेलं नाही. ती बसली आणि थांबली. 'गुऱ्हाळ मालक' टाईप करायचं होतं. 'ळ'च्या जागी 'ळ' नव्हता.

"अण्णा, मराठी काढलं का काय तुम्ही?"

"अगं, मराठीच ठेवलंय. बाकीचं काढलंय."

"ही मराठी न्हवं. ती ओ, साधी. 'ळ'ला शिफ्ट लागत न्हाई ती."

ती 'कोडोली ०१' वर शिकली होती. नाव तिला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी समोर तेच चालू होतं, तिनं तेच हाताला लावून घेतलं, जगभर मराठी अशीच टाईप करतात अशा विश्वासानं. ज्याला आम्ही दोन दिवस भूत म्हणत होतो, ते रोज आठ तास शेत कसत होतं.

लेआउट काढायच्या जेवढ्या रीती सांगितल्या जातात, त्या सगळ्या 'कसा' काढायचा ते सांगतात. 'कुणाचा' हा प्रश्न त्यांच्यात येत नाही, कारण त्या ज्यानं लिहिल्या त्याच्या टेबलावर एक संगणक आणि एक माणूस असतो. कोडोलीत एका संगणकावर पाच माणसं आहेत आणि पाचांची बोटं वेगवेगळ्या काळांत शिकलेली. टाइपरायटर, सरकारी प्रमाणमांडणी, डीटीपी, मोबाईल आणि हिंजवडीला गेलेल्या पोराची कल्पना असे पाच काळ त्या खुर्चीवर आळीपाळीनं बसतात. १९४८च्या कूळकायद्यानं जमीन कुणाची, हा प्रश्न कागदावरून उचलून बांधावर नेला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला. तारीख एप्रिल फूलची होती, पण अण्णांना ती थट्टेची वाटत नव्हती. त्यांच्या आजोबांची थोडी जमीन त्याच तारखेला नावावर लागली होती. ते म्हणाले, "जी कसती तिचं ऱ्हाऊ दे."

तेव्हा दुरुस्तीवाला पोरगा पुन्हा आला आणि या वेळी त्यानं खरोखर शहाणपणाचं काम केलं. खातेफोड. विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचा 'प्रीलोड' वेगळा असतो, म्हणून मावशींना एक खातं, आबांना एक, मुलीला एक, अण्णा आणि धाकट्याला एक. लेआउट सगळे संगणकात राहिले, पण प्रत्येकाच्या खात्यात फक्त त्याचा मराठी आणि एकच इंग्रजी. 'कोडोली ०१' काढलेल्या नकलेवरून पुन्हा नोंदला गेला. डीएलएल कचरापेटीत होती, तिथून ती उठवली. ब्रिटिश मांडणी मात्र कायमची गेली, तिला वारस निघाला नाही. सामाईक विहिरीवर अमेरिकन इंग्रजी ठेवलं आणि पासवर्ड सगळ्यांनी आकड्यांतच ठेवायचा असा तोंडी ठराव झाला. त्या दिवसापासून 'कद्दतग' जवळजवळ बंद आहे.

जवळजवळ म्हणायचं कारण, स्वतः फॉर्म भरणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी पाचवं खातं काढावं लागलं. आबांनी त्याला नाव सुचवलं, 'इतर हक्क'. त्या खात्यात परवा तीन नवे कीबोर्ड सापडले, त्यातला एक अरबी. कुणी घातले, कुणालाच माहीत नाही. पोरगा काढायला बसला, तर अण्णांनी त्याला थांबवलं.

"किती दिवस झालं येऊन?"

"आठवडा झाला असंल."

"मग कशाला घाई," अण्णा म्हणाले. "बारा वर्षांच्या आत काढलं म्हंजे झालं."